ठराव मराठीत सांगायचा होता

"तेलगूत वाचणं झालं. आता मराठीत सांग," पटेल म्हणाले. "तुही माय समोर बसून हाये. तिले समजलं पायजे."

शाळेच्या ओसरीवर ग्रामसभा भरली होती. मी सरपंच, आणि मी उभी होते. खुर्चीत पटेल, म्हणजे उपसरपंच. खुर्ची माझ्यासाठीही यायची, पण फोटोपुरती. फोटो निघाला की मी उठायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सभेत पटेलांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी उठले. दोन वर्षं तशीच उठत आले. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

हातातला कागद पंचायत सेक्रेटरीनं तेलगूत लिहिला होता. गावात कोणाच्याही घरी येशूच्या प्रार्थनेला माणसं जमणार नाहीत, फादर गावात पाय ठेवणार नाहीत, असा ठराव. विधानसभेची निवडणूक जवळ आली होती. मिशनवाले गावं फोडून राह्यले, अशी भाषणं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजत होती. आमच्या गावात प्रार्थनेला जमायची ती सगळी मिळून अकरा माणसं. सगळी मांगवाड्यातली. त्यातली एक माझी आई. एक मी.

मी दहावीपर्यंत तेलगू शाळेत शिकले. आमचं भीमपूरकडचं गाव तेलगू मुलखात, पण महाराष्ट्राला लागून. इथल्या म्हाताऱ्या माणसांना तेलगू कळत नाही. म्हणून मी घडाघडा वाचून मोकळी झाले. वाटलं, आईला काही समजणार नाही, सही करीन, सुटेन. इतका हलका विचार मी केला होता. पटेलांनी तो ओळखला.

सरपंचपद एससी बाईसाठी राखीव झालं, तेव्हा पटेलच आमच्या दारात आले होते. नवरा वारलेली, शिकलेली, गरीब बाई त्यांना हवी होती. माझ्या कागदावर हिंदू मांग लिहिलेलं. आईनं मी पोटात असतानाच बाप्तिस्मा घेतला, माझा तान्हेपणी झाला. कागद मात्र आम्ही बदलला नाही. ख्रिस्ती लिहिलं की एससीचा दाखला जातो. सगळ्या गावाला हे माहीत होतं. पटेलांनाही. माहीत होतं म्हणूनच त्यांनी मला उभं केलं, हे मला फार उशिरा कळलं.

निवडून आल्यावर मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागले. ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायचं सोडलं. कोणी बघेल, कोणी फोटो काढेल. आई विचारायची, "काऊन गेली नाही वो?" मी म्हणायचे, पाय दुखते. गेल्या ईस्टरला पाय खरे आईचेच दुखत होते. तिला दंडाला धरून मी वेदीपर्यंत नेलं. फादरनी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला. मग माझ्यासमोर धरला. मी तोंड उघडलं. किती महिन्यांनी. डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच वेळी कोणीतरी फोटो काढला. आठवड्यात तो पटेलांच्या मोबाइलमध्ये होता. अंगणात उभं करून त्यांनी मला तो दाखवला. म्हणाले, "हे आपल्या दोघातच राहू दे." गावाला माहीत होतंच, पण साहेबांपुढे ठेवायला पुरावा आता त्यांच्या हातात होता. त्यानंतर मी वाचल्याशिवाय सह्या केल्या. मांगवाड्यात मंजूर झालेली बोअर पटेलांच्या वावराजवळ पाडली गेली. सही माझी. आई अजून लांबून पाणी आणते.

फादरना सांगितलं. ते केरळचे, माणूस चांगला. म्हणाले, "बेटी, हम लोग राजनीति में नहीं पड़ते. चुप रहो, प्रार्थना करो." मला त्यांचाही राग आला. राजकारण आमच्या घरात शिरून चुलीपाशी बसलं होतं. आता न पडायचं म्हणजे काय करायचं? दाखला सोडला तर गावात तोंड उघडायची जागा जाते. देव सोडला तर आईच्या तोंडाकडे बघता येत नाही.

तर त्या दिवशी मी कागद धरून उभी. मांगवाड्यातल्या बाया ओसरीखाली मातीत बसलेल्या. वर चढायचं नाही असा कुठे नियम नाही. तरी कोणी चढत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. येशूकडे जाऊन आम्हाला तीस वर्षं झाली. या गावानं एक दिवससुद्धा आम्हाला मांग म्हणायचं सोडलं नाही. आणि सरकार म्हणतं, ख्रिस्ती झालात, आता तुम्ही एससी नाही.

आईनं खालून विचारलं, "काय लिवलं हाये त्यात, बाई?"

मी मराठीत सांगितलं. "यात लिवलं हाये का तू घरात चार माणसं बसवून देवाचं नाव घ्याचं नाही. अन् त्याच्यावर हे माही सही मागून राह्यले."

पटेलांनी खिशातून मोबाइल काढला. "फोटो दाखवू का सगळ्यायले?"

"दाखवा. त्यात मीच हाये. मी कॅथलिक हाये. सही करत नाही."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सेक्रेटरीनं पेन बंद केलं. परत जाताना आई एवढंच म्हणाली, "आता तुयं पद जाईन." मग माझा हात धरून चालू लागली.

पंधरा दिवसांत कलेक्टर ऑफिसातून नोटीस आली. तुम्ही ख्रिस्ती असल्यानं दाखला आणि पद रद्द का करू नये. आदिलाबादचा वकील म्हणाला, "लिहून द्या का मी हिंदूच हाये, चर्चात मायले धराले गेलती. वाचान तुमी." वाचेन. हे खरं आहे. लिहून दिलं तर पटेलांच्या हाताखाली आणखी तीन वर्षं वाचेन. वकिलानं तयार करून दिलेला तो कागद मी दोन दिवस घरात ठेवला. पेनही शेजारी ठेवलं. मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

मंगळवारी सुनावणी आहे. मी वकिलाशिवाय जाणार आहे. माझी जात मांग, माझा धर्म कॅथलिक, दोन्ही लिहा, असं साहेबांना सांगणार आहे. ते म्हणतील, कायद्यात बसत नाही, एक खोडा. मी खोडणार नाही. खोडायचं असेल तर त्यांनी त्यांच्या हातानं खोडावं, आणि खाली स्वतःचं नाव लिहावं.