कोकरू घेऊन इंदापूरला

आमच्या घराण्यात मेंढरांना घाबरणारा पहिला पुरुष मीच.

माझ्या आज्ज्यानं उभा जन्म मेंढरांमागं काढला. वडिलांनी अर्धा मेंढरांमागं आणि अर्धा उसात. माझ्या वाट्याला आलं बारामतीतलं चष्म्याचं दुकान. दिवसभर थंडगार काचेच्या कपाटाशेजारी उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची. मेंढरू मला लांबून दिसतं तेवढं बास. संध्याकाळी अंथुर्ण्याला परतताना समोरून कळप आला, की मी मोटारसायकल बाजूला लावतो आणि एखाद्या बाभळीमागं फोनवर बोलण्याचं सोंग करतो. (फोन कधीकधी उलटा धरलेला असतो.)

माझ्या मुलीला, तिसरीतल्या ईश्वरीला, हे सगळं माहीत होतं. तरी तिनं भर वर्गात उभं राहून सांगितलं, "मॅडम, आमच्याकडं खरं कोकरू हाय. पप्पा आणत्याल!"

त्याचं असं झालं. यंदा आमच्या गावच्या शाळेच्या अंगातच आलं होतं. पोरांनी परसबाग केली, तर भोपळे असे लागले की बघायला शेजारच्या गावचे मास्तर आले. धावण्यात नंबर, पाढे पाठांतरात नंबर. त्यात गायकवाड मॅडमनी पोरांचं गजीनृत्य, म्हणजे मेंढपाळांचा नाच, बसवलं. पिवळे फेटे, पांढरे सदरे, हातात रंगीत रुमाल आणि ढोल. ते केंद्रावर जिंकलं, बीटावर जिंकलं आणि थेट तालुक्याला गेलं! गावाच्या इतिहासात शाळा नाचून तालुक्याला पहिल्यांदाच चालली होती.

फक्त बीटाच्या स्पर्धेत एक घोटाळा झाला होता. नाचाच्या सुरुवातीला ईश्वरी कोकरू छातीशी धरून येते. ते कोकरू कापसाचं होतं. ऐन रंगात त्याचं मुंडकं निसटलं आणि घरंगळत परीक्षकांच्या टेबलाखाली गेलं. पुढच्या रांगेतलं एक बारकं पोर तेव्हापासून अंथरूण ओलं करतं म्हणतात. म्हणून मॅडमनी ठरवलं, तालुक्याला कोकरू खरं पाहिजे.

मला हे सगळं पालकांच्या ग्रुपवर कळलं. 'ईश्वरीच्या पप्पांचे मनःपूर्वक आभार!' आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. मी दुकानात होतो. हातातली फ्रेम मी गिऱ्हाइकाच्या नाकाऐवजी कपाळावर बसवली.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "सुनीता, हे काय?"

"मला काय विचारता? पोरगी तुमची."

"अगं, पण मला मेंढराला हात लावायला भ्या वाटतं!"

"मग हातमोजे घाला," म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

आमचे चुलते, म्हणजे तात्या, वस्तीवर राहतात. त्यांच्याकडं अजून थोडी मेंढरं आहेत. तात्यांनी एक काळंपांढरं कोकरू उचललं आणि सरळ माझ्या अंगावर टाकलं. मी डोळे मिटले.

"आरं, धर की नीट! त्याची आय दूध दीना झाली. बाटलीवर हाय त्ये. चार दिस घरी ठिव, पोरीला सवय हुईल."

"चावतं का तात्या?"

तात्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. बहुतेक माझ्या आज्ज्याची माफी मागितली असावी.

"न्हाय चावत. पर येक ध्यानात ठिव. ज्याच्या हातनं दूध पील, त्याला सोडायचं न्हाय. त्यो दिसंना झाला, की गाव डोक्यावर घील."

आता साहजिक कुणीही म्हणेल, दूध ईश्वरीनं पाजायचं. पण ईश्वरी सकाळी तालमीला आणि संध्याकाळी पण तालमीला. सुनीता म्हणाली, "माझी पोरं वाढवून झाली." राहिलो मी. एका हातानं बाटली आणि दुसऱ्या हातानं दाराची कडी धरून (पळायला सोपं!) मी त्या जिवाला दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी कडी सुटली. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीत गेलो, तर बाहेर 'बें बें' असा आकांत सुरू झाला. शेजारच्या काकू धावत आल्या, "कोन मेलं?" मी अंगाला साबण तसाच ठेवून आतून ओरडलो, "हाय रं हाय, हितंच हाय!" तेव्हा कुठं ते थांबलं.

स्पर्धेच्या सकाळी मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा फेट्यासारखाच पिवळा पडला. "मग तुम्ही चला. विंगेत उभे राहा. त्याला दिसलात की झालं."

रजा टाकून मी पोरांबरोबर जीपमध्ये बसलो. मांडीवर कोकरू. इंदापूर येईपर्यंत त्यानं माझ्या इस्त्रीच्या शर्टावर जे करायचं ते दोनदा केलं. पोरं गाणी म्हणत होती. ईश्वरी खिडकीतून उसाच्या गाड्या मोजत होती. घाम फक्त मला आणि मॅडमना फुटला होता.

सभागृह खच्चून भरलं होतं. स्टेज मी चारी बाजूंनी बघितलं. विंग नव्हतीच! मागं एक भिंत, बाजूला नुसता जिना, आणि तो पार कोपऱ्यात. तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "सर्व शाळांना सूचना. मंचावर विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कोणीही दिसल्यास तो संघ बाद करण्यात येईल."

मॅडम खालीच बसल्या. "आता काय करायचं हो?"

"कोकराशिवाय नाचू द्या," मी म्हटलं.

"अहो, सगळा नाच त्याच्याभोवती बसवलाय! हरवलेलं कोकरू सापडतं, म्हणून तर पोरं नाचतात!"

मी कोकराला जिन्याशी ठेवून चार पावलं मागं सरकून बघितलं. त्यानं असा टाहो फोडला, की स्टेजवरचं निवेदन थांबलं. एक परीक्षक बाई चष्मा काढून आमच्या दिशेनं बघायला लागल्या. मी पळत जाऊन त्याला उचललं. महिनाभर ही पोरं उन्हात नाचली होती. आणि आता सगळं बुडणार होतं ते माझ्यामुळं!

ईश्वरी माझ्याकडं बघत होती. मग तिची नजर नाचाच्या सामानातल्या घोंगड्याकडं गेली. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुमी दगड व्हा."

"काय?"

"घोंगडं पांघरून मधी बसा. रानात दगड असतोयच की. त्याला तुमचा वास आला म्हंजी बास."

मी मॅडमकडं बघितलं. त्या 'असलं काही चालणार नाही' म्हणतील, अशी मला फार आशा होती. पण मॅडमनी घोंगडं उचललं होतं.

तर अशा रीतीनं, नाव पुकारायच्या आधी दिवे मंद झाले तेव्हा, मी पोरांच्या घोळक्यातून वाकत स्टेजवर गेलो आणि गुडघ्यात डोकं घालून दगड झालो. घोंगड्याच्या आत भट्टी. लोकर मानेला टोचते, नाकात जाते, श्वास घेता येत नाही. बाहेर ढोल वाजला. ईश्वरी आली असणार. कोकरू खाली ठेवलं असणार. कारण खुरांचा टकटक आवाज सरळ माझ्याकडं आला आणि ते उडी मारून माझ्या पाठीवर उभं राहिलं.

टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! दगडावर उभं राहिलेलं कोकरू लोकांना इतकं आवडलं, की दगडाच्या डोळ्यांत पाणी आलं. (लोकरीमुळंही असेल.)

मग मला शिंक आली.

मी नाक दाबलं, ओठ चावले, तात्यांना शिव्या दिल्या. पण ती आलीच. दगड शिंकला! ढोल वाजवणारी आरोही चौथीतली, पण हुशार. तिनं त्याच क्षणी ढोलावर असा दणका मारला, की पुढच्या दोन्ही शिंका त्यात विरून गेल्या. तरी मी हललोच. तेवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्यावर मटकन बसलं आणि दातओठ खाऊन कुजबुजलं, "पप्पा, गप ऱ्हावा!" नाचात हे बसवलेलं नव्हतं.

नाच संपला. पोरं नाचत नाचत जिन्यानं उतरली. ईश्वरी कोकरू उचलून गेली. टाळ्या थांबल्या. आणि माझ्या लक्षात आलं, की कोकरू स्टेजवर कसं आणायचं याचा आम्ही विचार केला होता. दगड खाली कसा न्यायचा याचा कुणीच केला नव्हता.

आता दिवे बंद होतील, मग होतील, म्हणून मी थांबलो. या वेळी मात्र ते मंदसुद्धा होईनात. उलट दुसऱ्या शाळेचं नाव पुकारलं गेलं आणि गाणं सुरू झालं. ते कोळीनृत्य होतं!

घोंगड्याच्या फटीतून मला एक पुठ्ठ्याची होडी माझ्याकडं येताना दिसली. वल्हवणाऱ्या पोरी बिचाऱ्या गुणी होत्या. समुद्रात दगड बघून त्यांनी होडी वळवली आणि पलीकडून नेली. लोकांना वाटलं, बसवलंच असं आहे. मी पण मनात म्हटलं, निभावलं.

तोच जिन्याकडून ओळखीचं 'बें' ऐकू आलं. ईश्वरीच्या हातातून सुटून कोकरू समुद्रात शिरलं. होडीखालून निघालं आणि पुन्हा माझ्या पाठीवर चढून ओरडायला लागलं. सभागृह हसून हसून आडवं झालं. आणि आत मी हिशोब करत होतो. आता एक नाही, दोन शाळा बाद होणार! त्या कोळणींनी माझं काय घोडं मारलं होतं?

मग मी तेच केलं, जे कुठल्याच दगडानं करू नये. मी सरकायला लागलो. इंच इंच. कोकरू पाठीवर, मी गुडघ्यांवर, आमची वरात समुद्रातून जिन्याकडं निघाली. एका पोरीनं तर मला वाट करून देण्यासाठी जाळं उचलून धरलं. जिन्याशी पोहोचलो आणि पायऱ्या न दिसल्यामुळं कोकरासकट खाली गडगडलो. निदान ते तरी दगडासारखं झालं.

कोळीनृत्य संपल्यावर त्या चष्मेवाल्या परीक्षक बाई उठून आल्या. आवाज असा, की आख्खं सभागृह गप्प. "हा दगड कोणत्या शाळेचा?"

दुसऱ्या शाळेचे मास्तर घाईनं म्हणाले, "आमचा नाही!"

गायकवाड मॅडम हातातला रंगीत रुमाल पिळायला लागल्या. मी घोंगड्यातून तोंड बाहेर काढलेलं नव्हतं. खरं सांगतो, मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटत होतं.

तेवढ्यात ईश्वरी पुढं आली. फेटा सरळ करून म्हणाली, "आमचा हाय बाई. माझे पप्पा हायेत त्ये. कोकरू त्यांच्याबिगर ऱ्हात न्हाय, म्हणून आमी त्यांना दगड केलं. आयडिया माझी हुती. मॅडमना बोलू नगा."

बाईंनी घोंगडं उचललं. आत मी. केसात लोकर, शर्टाची ती दशा, आणि काखेत कोकरू माझा कान चोखतंय.

"मेंढपाळ का तुम्ही?"

"न्हाय. चष्मे विकतो."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मागं वळून त्यांनी दुसऱ्या परीक्षकांना विचारलं, "नियम काय सांगितला होता आपण? विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कोणी दिसल्यास. हे गृहस्थ नाच चालू असताना दिसले का कुणाला?"

"दिसले नाहीत. ऐकू मात्र आले," दुसरे म्हणाले.

निकाल लागेपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. ईश्वरी तेवढ्या वेळात वडापाव खाऊन, कोळीनृत्यातल्या पोरींशी मैत्री करून आली. पहिला नंबर त्यांना गेला आणि दुसरा आम्हाला! मॅडम रडल्या, पोरांनी फेटे उडवले, कोकरानं माझ्या बुटावर तिसऱ्यांदा आपला आनंद व्यक्त केला. मला वाटलं, सुटलो.

पण बाईंना अजून दोन शब्द बोलायचे होते. त्या माइकवर म्हणाल्या, "अंथुर्ण्याच्या मुलांचा ताल उत्तम, पदन्यास उत्तम, कोकराचा अभिनय तर अप्रतिम. पहिला नंबर थोडक्यात हुकला, तो फक्त दगडाचं काम कच्चं असल्यामुळं."

आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर गेलो होतो. ज्यात नुसतं गप्प बसायचं होतं, असली भूमिका मिळाली होती. तीही पेलली नाही!