मुलीची इयत्ता

खडूचा वास आला की मला बरकतपुऱ्यातल्या त्या शाळेचं गेट आठवतं. दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक रविवारी सकाळी भरते, असं सांगून डॉक्टरांनी पत्ता दिला होता आणि तो माझ्याच मुलीच्या शाळेचा निघाला. तोंडात वेलदोडे कोंबून मी गेलो, तरी दारूचा वास लपत नव्हताच. म्हाताऱ्या वॉचमनने कुठे जायचंय विचारलं, तेव्हा खरं सांगायची हिंमत होईना. म्हणालो, “बेटी पढ़ती यहाँ. टीचर से मिलना है.” “कौनसी क्लास में है, साब?” मी मनात वर्षं मोजू लागलो. तिसरी की चौथी? त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. “इतवार को टीचराँ नै आते, साब. तुमारी मीटिंग पीछे के कमरे में है.” मान खाली घालून मी आत गेलो आणि गुडघे न मावणाऱ्या बुटक्या बाकावर बसलो. फळ्याच्या कोपऱ्यात वर्ग लिहिलेला होता, चौथी. तो तिचा होता की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. आता ती दहावीत आहे. वॉचमन कधीच काही विचारत नाही, तरी दर रविवारी गेटमधून जाताना मीच त्याला सांगतो, “दसवीं, बी सेक्शन.”