ओढून बघणाऱ्या अक्का

अक्कांच्या हाती कुठलीही जोडलेली वस्तू आली की त्या आधी ती ओढून बघत. पिशवीचा बंद, कपाचा कान, माझ्या हेल्मेटचा पट्टा, कशाचीही सुटका नसे. चौसाळ्यात वीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या बाईची ही खोड. हायवेलगत रिक्षांच्या बॅटऱ्या बनवणारा आमचा छोटा कारखाना निघाला, तेव्हा त्या सेल मोजायला म्हणून आल्या आणि वर्षभरात लेसर वेल्डिंगच्या मशीनवर बसल्या. मी तिथला इंजिनिअर. मशीन बाईच्या हाती द्यायला मालक नाखूश होते. एक चूक झाली की परत सेल मोजायला, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

सेलच्या टोकांवर धातूची पट्टी लेसरने जोडायची, एवढंच काम. अक्का त्या जोडाला शिवणातल्यासारखी 'टीप' म्हणत. रोज सकाळी पहिली टीप बाद सेलवर मारून पकडीने उचकटत. पट्टी फाटली तरी चालेल, टीप सुटता कामा नये. जोडायचा पगार घेता आणि तोडत बसता, असं मी चिडवायचो. त्या हसायच्या नाहीत. "वरून गोड दिसणाऱ्या टिपा लई बगितल्या सर. अंगात घातल्यावर उसवतात."

एकदा संध्याकाळी माल टेम्पोत चढत होता. तपासणीत सगळीकडे हिरवा दिवा, माझी सहीही झालेली. मशीन बंद करण्याआधी अक्कांनी सवयीने एक टीप ओढली, तर पट्टी सालपटासारखी निघून आली. पट्टी दाबून धरणारा चिमटा दिवसभरात कधीतरी ढिला पडला होता. केसभर फट राहिली, आणि लेसरने नुसती पट्टीच वितळवली, खालच्या सेलला धरलंच नाही. अक्का गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

त्या सरळ मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "गाडी थांबवा. आजच्या समद्या टिपा माज्या हायेत, आन मला त्यांचा भरवसा न्हाई."

मालकांनी टेम्पो रिकामा करायला लावला. सही माझी होती आणि मी मागे उभा होतो, याची लाज मला अजून वाटते. दुसऱ्या दिवशी अक्का कुणी न सांगता सेल मोजायच्या टेबलावर जाऊन बसल्या. मालक स्वतः येऊन त्यांना मशीनकडे घेऊन गेले.

मला पुण्याला नोकरी लागली तेव्हा अक्का गेटपर्यंत आल्या. माझ्या बॅगेचा पट्टा त्यांनीच शिवला होता. तो दोन्ही हातांनी कचकन ओढून म्हणाल्या, "धरलंय. जावा आता."

इथे मी रोज सही करण्याआधी एक जोड उचकटतो. जोडायचा पगार घेता आणि तोडत बसता, असं परवा एक नवा इंजिनिअर मला म्हणाला. मी हसलो नाही.