चार अर्धुकं

बाबांच्या लोखंडी पेटीत बिस्किटांचा एक डबा आहे. त्यात आमची टिकिटं आहेत, म्हणजे टिकिटांची अर्धुकं. वॉटर पार्कच्या गेटवरचा माणूस टिकीट फाडून अर्धं स्वतः ठेवायचा आणि अर्धं आपल्या हातात द्यायचा, ती. सर्वांत जुनी गुलाबी, तीस रुपयांची. मग पिवळी, पन्नासची. मग हिरवी, सत्तरची. हिरव्यांनंतर डब्यात काही नाही, कारण त्यानंतर आम्ही कधी गेलोच नाही.

आम्ही राजूरच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. उन्हाळ्यात वर्षातून एकदा चार-पाच घरं मिळून दोन ट्रॅक्स गाड्या ठरवायचे आणि पहाटेच नागपूरकडे निघायचे. दरवर्षी टिकीट वाढलेलं असायचं आणि दरवर्षी आई गेटवर तेच बोलायची, "सत्तर रुपये? अवो माय! पाण्यात बसाले? घरी टाक्यात बसा म्हणा, फुकट हाय." बोलायची आणि सगळ्यांच्या आधी आत जायची.

बाबा खाणीत बत्तीघरात होते. खाली उतरणारा माणूस त्यांच्याकडून डोक्याचा दिवा आणि पितळेचं नंबरी टोकन घेऊन जायचा आणि वर आला की दोन्ही परत करायचा. पाटीवर ज्या खिळ्याला टोकन नाही, तो माणूस अजून खाली आहे. एवढा सोपा हिशेब. बत्तीघराची खिडकी वीतभर उंच. तिच्यातून फक्त हात दिसायचे, काळे, टोकन धरलेले. "टोकन वर आलं, माणूस वर आला," असं बाबा म्हणायचे, आणि त्यांची मोजणी कधी चुकली नाही ही अख्ख्या कॉलनीत ख्याती होती.

तोच कायदा त्यांनी पार्कात आणला होता. निघताना घरच्या प्रत्येकानं आपलं अर्धुक आपल्या हातानं त्यांच्या हातात द्यायचं. आई हसायची. आम्हा दोघी बहिणींना मात्र मजा वाटायची. मी अकरा वर्षांची होते आणि धाकटी सहाची.

हिरव्या टिकिटाच्या साली धाकटीला भाड्याचा पोहण्याचा पोशाख दिला. त्याला खिसा नव्हता. तिनं अर्धुक माझ्याकडे दिलं, "ताई, तुह्याजवळ ठेव." मी ठेवलं. संध्याकाळी निघायची घाई झाली, गाड्यांचे भोंगे वाजू लागले, तरी तिचं आपलं एकच, "अजून एक डाव घसरते, ताई, एकच!" मी म्हटलं जा. मग बाबा गेटजवळ हात पुढं करून उभे राहिले. खाली मान घालून, खिडकीशी बसल्यासारखे. मी दोन्ही अर्धुकं त्यांच्या हातावर ठेवली. आईचं आधीच आलं होतं; धाकटी मागून बायांबरोबर येतेच आहे असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी मागं वळून पाहिलंच नाही. बाबांनी मोजलं, "चार. चला."

बाया एका गाडीत, माणसं दुसऱ्या गाडीत, पोरं जिथं जागा मिळाली तिथं. जामच्या चौकात गाड्या चहाला थांबल्या तेव्हा आई खाली उतरली आणि म्हणाली, "धाकटी झोपली का तुमच्या गाडीत?"

उलटं पार्काकडे जातानाच्या त्या दीड तासाबद्दल मला काही लिहिता येत नाही. लिहून पाहिलं. बाबा पुढच्या सीटवर होते आणि हातातली अर्धुकं पुन्हा पुन्हा मोजत होते, एवढंच आठवतं.

ती सापडली. चौकीदाराच्या खुर्चीत बसली होती, अंगावर त्याचा दुपट्टा, वेणी अजून ओली. रडत नव्हती. आईनं तिला छातीशी धरलं तेव्हा ती म्हणाली, "माह्याजवळ टिकीट नव्हतं, म्हून मी बाहेर नाही आली." टिकिटाशिवाय बाबा बाहेर घेत नाहीत, असं त्या एवढ्याशा जिवाला वाटलं होतं!

"पण चार हाय," बाबा हात पुढं करून म्हणाले. "हे पाय, मी मोजले."

"पोरीचं हरपलं म्हन्ते ना ते!" आई ओरडली. "कोणा दुसऱ्याचं घेतलं असंन तुम्ही!"

बाबा त्या चार हिरव्या कागदांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चुकलो असंन." मी तिथंच होते, हातभर अंतरावर. मी बोलले नाही. धाकटी पेंगुळली होती, तिच्या लेखी विषय संपला होता.

मी तोंडाळ बाई आहे. वणीच्या बाजारात भाजीवाले मला पाहून भाव आधीच कमी सांगतात. पण हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. पहिल्या दिवशी मार पडेल म्हणून नाही निघालं, पुढं उशीर झाला म्हणून, आणि नंतर तर लाजच वाटू लागली.

बाबा मात्र त्या दिवसानंतर बिघडले. टोकनं तीन-तीनदा मोजू लागले. पाळी सुटून माणसं घरी गेली तरी हे खाणीच्या तोंडाशी उभे. कोणीतरी खाली राहिलंय म्हणायचे. लोक आधी हसले. "पोरगी मोजता येत नाही, आमाले काय मोजंन?" असं एक जण आमच्या दारात बोलून गेला. मग कंटाळले, आणि शेवटी बाबांनी स्वतःच बत्तीघर सोडून स्टोअरमधली जागा मागून घेतली. बाबांची मोजणी बरोबर होती हे जगात एकट्या मला माहीत होतं आणि मी त्यांना चुकीचं ठरू दिलं.

आता ती खाण बंद आहे. खाली पाणी भरलंय म्हणतात. बाबा माझ्याकडे वणीला असतात. धाकटी पुसदला दिली आहे. या उन्हाळ्यात तिची पोरं त्याच पार्कात गेली आणि तिनं मला टिकीट पाठवलं, मोबाइलवर. काळे ठिपके ठिपके असलेला चौकोन आणि खाली एका माणसाचे बाराशे रुपये. मी बाबांना दाखवलं. वाटलं, भाव पाहून आईसारखं काही बोलतील. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"याचं अर्धुक कुठी हाय?"

"आता अर्धुक नसतं, बाबा."

"मंग निघताना देतात काय?"

आणि माझ्या तोंडून ते निघालं. तीस वर्षांनी, ताटातली भाजी निवत असताना. म्हटलं, बाबा, तुम्ही चुकले नव्हते. चारच होते. तिचं मी दिलं होतं.

मला वाटलं होतं रागावतील. किंवा रडतील, हलके होतील. खरं सांगायचं तर मलाच हलकं व्हायचं होतं.

ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे मोजणी बरोबर होती."

"हो बाबा, बरोबर होती."

"आन् पोरगी आत होती."

मी ताट बाजूला सारलं.

"खाणीवर बी लोक एकमेकांचे टोकन देत," ते म्हणाले. "घाईत दोस्ताचं दोस्त देऊन टाके. मले माहीत होतं. मी म्हनो, नंबर भरला ना, झालं. मले तं हातच दिसत."

"बाबा, कोणी राहिलं असतं तर घरचे आले असते ना विचारत."

"आपली राह्यली तं आपण आणाले गेलो. ज्याच्या घरी मोजणारंच कोणी नाही, त्याचं काय?"

इतकी वर्षं ते स्वतःला चुकलेला समजत होते आणि त्या समजुतीवर कसेबसे उभे होते. तीही मी काढून घेतली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते दारात खुर्ची टाकून राजूरच्या दिशेला तोंड करून बसतात. ओठ हलत असतात, नंबर म्हणत असतात. मग मला हाक मारून विचारतात, "धाकटी कुठी हाय?"

"घरी आहे, बाबा. आत्ताच बोलले तिच्याशी."

"तू नको सांगू," ते हात पुढं करून म्हणतात. "फोन लाव. तिचं तिले देऊ दे."