कॉपीला घेतलं की बंद

शेवगावातल्या दिपालीच्या फोटो स्टुडिओत एक मोठा काळा डबा आहे, तोच तिचा सर्व्हर. सगळ्या लग्नांचे व्हिडिओ त्यात. दसऱ्यानंतर तो रुसला. नुसता चालू ठेवला की दिवसभर नीट, व्हिडिओ कॉपीला घेतला की धाडकन बंद. तो बघायला नगरहून ग्लोरिया आली. नागापूर एमआयडीसीतली नोकरी सोडून तिनं नुकतंच स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केलेलं, आणि बसमध्ये तिला खरंच वाटत होतं की तासाभरात परत निघू.

स्टुडिओत राहीबाई बसून होत्या. पोरीच्या लग्नात त्यांचे मालक नाचले होते, तो व्हिडिओ त्यांना हवा होता. मालक उन्हाळ्यात गेले. घरचा पेनड्राइव्ह बिघडलेला, आता जे होतं ते फक्त या डब्यात.

ग्लोरियानं आधी रॅमवर संशय घेतला. एक पट्टी काढून कॉपी लावली, बंद. ती लावून दुसरी काढली, तरी बंद. मग सगळ्या डिस्क तपासल्या, तर त्या ठणठणीत. तिचा चेहराच पडला. दिपाली परत बटण दाबायला गेली तसा ग्लोरियानं तिचा हात धरला, म्हणाली असं मधेच बंद पडून पडून डिस्कच जाईल.

राहीबाईंनी हळूच विचारलं, "पोरी, मालक हायेत ना आत?"

ग्लोरिया डिस्ककडे बघत म्हणाली, "आहेत, मावशी."

आता हरायचं नव्हतं. नुसता असताना चालतो, काम पडलं की मरतो. म्हणजे जोर लागला की काहीतरी तापतंय. डब्याला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायला पंखा असतो, तिनं त्याच्या मागं तळहात धरला. वारंच नाही. वायर काढून वरच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत पिवळं पिवळं. झेंडू!

खंडेनवमीला दिपालीनं कॅमेऱ्यांची पूजा केली तेव्हा सर्व्हरवरही जाडजूड हार ठेवला होता. देवाचा हार कोण उचलणार, म्हणून तो तिथंच वाळला, त्याचा चुरा जाळीतून आत पडला आणि पंखा जाम. दिपालीनं कपाळावर हात मारला. ग्लोरिया खो खो हसली. म्हणाली, आमच्या पप्पांनी तर नाताळात वायफायच्या डब्यावर गवत पसरून येशूबाळाची गव्हाणी मांडली होती, आठवडाभर नेट नाही.

तापून तापून तो सप्लाय आता भरवशाचा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती घरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा काढून घेऊन आली, बसवला, कॉपी सुरू केली. राहीबाईही आल्या होत्या, तिघी पडद्याकडे डोळे लावून बसल्या. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली.

व्हिडिओ लागला. राहीबाई रडतील असं वाटलेलं, पण त्या चिडल्याच. "बघा की, फेटा सुटलाय तरी नाचत्यात. लई सांगितलं हुतं, घट्ट बांधा." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "परत लाव गं. फेटा बांधत्यात तिथनं."

ग्लोरियानं परत लावला, आणि दुसरा हात डब्याच्या मागंच धरून ठेवला, वारं येतंय ना बघायला.