हळू आवाजात मागितलेलं

बारावी सायन्सला डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत. पालघरच्या कॉलेजातल्या मॅडमनी मुंबईतला एक कोर्स सुचवला: ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणी तपासायचा. नवापुरात तो कोणालाच कळेना. शेजारची काकी म्हणाली, "म्हंजे कानातला मल काडनार? त्याला मुंबय कशाला?" उत्तरं देऊन देऊन माझं डोकं उठलं. शेवटी मॅडम घरी आल्या, बाबांच्या समोर बसून खणखणीत बोलल्या, म्हणून पहिलं वर्ष तरी पदरात पडलं.

हॉस्टेलात मुली माझ्या आवाजाला हसायच्या. कोर्सच्या बाईंनी एकदा विचारलं, "तुझ्या घरी कोणाला कमी ऐकू येतं का?" मला राग आला. म्हटलं, कोणाला नाही, आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलतात. बाबा बोटीचं इंजिन सांभाळत, आम्ही ओरडून बोलत असू, त्यात विचारायचं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत घिवलीचं स्थळ आलं. पुढचं वर्ष करू का, असं मी बाबांना दोनदा विचारलं. घरात काहीही बोंबलून सांगत असलो तरी परवानगी आम्ही हळूच मागायचो, खाली मान घालून. दोन्ही वेळा त्यांनी वर पाहिलंदेखील नाही. झालं, नकार समजले मी. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. त्यांचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

बोट दुरुस्तीला होती तेव्हाची दुपार. बाबा अंगणात जाळं सांधत होते, आई बोंबील वाळत घालत होती. बाबांच्या अगदी पाठीमागे बर्फवाल्यानं घंटी वाजवली. ते वळलेच नाहीत. मला बाईंचा प्रश्न आठवला. मी मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या त्या मागायच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मला पुढे शिकायचंय." सुई चालूच. "बाबा, घराला आग लागलीय." तरी सुई चालूच.

आई मात्र बोंबील टाकून धावत आली. "येडी झालीस काय गं?" मी तिला काय ते सांगितलं. मग ती बाबांच्या पुढ्यात जाऊन ओरडली, "पोरीला फुडं शिकायचं हाय!"

"मंग शिक की!" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "नाय कोन बोल्ला? मला कोनी इचारलंच नाय!"

मला हसू आवरेना आणि रडूही. महिनाभर उगाच जळत होते मी! आई मात्र हसली नाही. पायरीवर बसली, हाताला लागलेला चिकटा पदराला पुसत राहिली.

"इतकी वरसं मला वाटलं," ती म्हणाली, "ह्यांना माजं आयकायचंच नाय."

हेही ती हळूच म्हणाली. बाबा खाली मान घालून जाळं सांधत होते.