इंजिन तापेपर्यंत

आमच्या नानांनी निवृत्तीनंतर घर बांधलं ते चार चाकांवर. नाना म्हणजे माझे यजमान. उभी नोकरी नकाशे काढण्यात गेली आणि हाती सवड येताच त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. तिच्यात दोन बाकांचे पलंग, स्टोव्हसाठी ओटा, पाण्याची टाकी आणि छताला बॅटरीवरचे दिवे बसवले. गल्लीतल्यांनी तिला 'फिरती खोली' म्हणून चिडवून घेतलं. नागपूरला दिलेली आमची नीलू म्हणाली, "आई, आता माहेरी यायचं तर तुम्ही कुठल्या गावाला आहात ते विचारावं लागणार." मला मात्र गाडी पाहताक्षणी आवडली होती. मार्गशीर्षात पुणं सोडलं तेव्हा मी पुढच्या सीटवर चक्क मांडी घालून बसले होते.

या गाडीचं इंजिन पुढे, आम्हा दोघांच्या मध्ये. त्यावर पत्र्याचं झाकण. थंडीतल्या सकाळी त्याचे लाड एखाद्या जावयासारखे करावे लागत. आधी हीटरचं बटण दाबून थांबायचं, मग चावी फिरवायची. इंजिन खोकायचं, पांढरा धूर सोडायचं आणि थरथरत जागं व्हायचं. त्यानंतरही लगेच निघायची सोय नव्हती. "थंड इंजिनाला पळवायचं नाही," हा नानांचा कायदा. इंजिनाचं तापमान दाखवणारी सुई वर येईपर्यंत गाडी जागच्या जागी घुरघुरत राहायची आणि तेवढ्यात माझा चहा व्हायचा.

कोल्हापूरवरून आंबा घाट उतरलो आणि माझा आनंद गगनात मावेना. एका बाजूला हिरवंगार रान, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि साखरप्याच्या पुढे लालभडक जांभ्याचे बांध. देवरूखच्या बाजारात केळी आणि कोकमं घेऊन आम्ही डोंगराकडच्या एका गावाच्या रस्त्याला लागलो. दिवस मावळायला आला होता. एका घरापुढे मांडव दिसला, म्हणून नानांनी गाडी थांबवून रात्रीपुरती जागा मागितली. घरधनी गोविंददादा डोक्याचं मुंडासं सोडत पुढे आले.

"खळ्यात (अंगणात) लावा की गाडी," ते म्हणाले. "खळं काय आमी डोक्यावर घेऊन जानार हाव?"

त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीपलीकडच्या पावसला लग्न होतं. त्यांच्याकडे लग्न नवऱ्याच्या दारात लागतं, म्हणजे नवरीनेच वऱ्हाड घेऊन जायचं. गावच्या बायका आमचं घर पाहायला आल्या आणि नानांना तर हेच हवं होतं. सगळे दिवे लावून त्यांनी नळ सोडून दाखवला, पलंग उघडून दाखवला, पुन्हा मिटून दाखवला. मी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी खात मजा बघत होते. बॅटरीचा विचार आमच्या दोघांच्याही मनाला शिवला नाही.

जेवणं होत होती तेवढ्यात निरोप आला की ठरवलेला टेम्पो वाटेत मोडून पडलाय आणि सकाळी येणार नाही. गोविंददादा ओटीवर मटकन बसले. सकाळच्या एस.टी.ने मुहूर्त गाठणं शक्य नव्हतं. आणि वऱ्हाड वेळेवर आलं नाही तर पावसची मंडळी काय म्हणतील, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. सुनंदा हळदीच्या अंगाने दाराआड उभी होती. बापाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आमची गाडी आहे ना," मी म्हणून टाकलं. नानांना विचारायचं मला सुचलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते हसत होते.

पहाटे अशी थंडी पडली होती की नळाचं पाणी बोटांना चावत होतं. नानांनी हीटर लावला, चावी फिरवली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला, अगदी दम संपता संपता, ते धडधडून सुरू झालं. खळं धुराने भरून गेलं आणि पोरंटोरं खोकत खोकत नाचली. मी तर टाळ्याच वाजवल्या. नाना म्हणाले, "आता तापू दे. बॅटरी पार उतरली आहे, हे बंद पडता कामा नये." हे त्यांनी मला सांगितलं. सांगायला हवं होतं ते सगळ्यांना.

आम्ही दोघं बाकांवरच्या गाद्या काढून नवरीसाठी जागा करू लागलो. इकडे गावच्या मानकऱ्यांनी गाडीच्या चाकापुढे नारळ ठेवला. कुठल्याही कामाला निघताना तिथे देवाला गाऱ्हाणं घालतात. देवाला कामाची सगळी हकीकत सांगायची, सांभाळ म्हणून विनवायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा," मानकरी हात जोडून म्हणाले, "आज तुजी लेक सासरला चाललीय..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आणि त्याच क्षणी घुरघुर थांबली.

नाना गादी टाकून धावले. गोविंददादा दारातून हात आत घालून उभे होते. इंजिन बंद करायचा दट्ट्या नाना कसा ओढतात, हे त्यांनी आदल्या संध्याकाळी नीट बघून ठेवलं होतं.

"देवाला आयकू यायला नको?" ते म्हणाले. "आन गाडी उभीच हाय, तुमचं डिझेल फुकट कशाला जाळायचं? पावन्याचं नुकसान आमी नाय करनार."

नानांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चावी फिरवली. नुसतं टिक टिक वाजलं.

काय झालं ते कळल्यावर गोविंददादांच्या तोंडचं पाणी पळालं. "माज्या हातानं पोरीचा मुहूर्त घालवला," एवढंच ते म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण कुणा परक्याचं डिझेल वाचवायला धावलेल्या माणसाचा राग यायचा तरी कसा?

मानकरी मात्र शांत होते. "गाऱ्हानं पुरं करू," ते म्हणाले, "आन मंग ढकलू." खळ्यापासून रस्त्यापर्यंत उतार होता. गाऱ्हाणं संपलं, शेवटचं "व्हय म्हाराजा" झालं आणि अख्खं वऱ्हाड गाडीच्या मागे लागलं. पागोटी सुटली, गजरे पडले. मी साडीचा ओचा खोचून ढकलत होते आणि बाजूला पाहते तो काय, मुंडावळ्या बांधलेली सुनंदासुद्धा खांदा लावून उभी. "अगो, तू नको," तिची आई ओरडली. "मी नाय तर कोन? लगीन माजं हाय," ती म्हणाली. गाडी घरंगळली, नानांनी क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिनाने असा आवाज केला की झाडावरचे कावळे उडाले. तेवढा आनंद मला नीलूच्या लग्नातही झाला नव्हता.

"आता त्या दट्ट्याला कुणी हात लावायचा नाही," नाना म्हणाले.

"माजा हात बांधून ठेवा," गोविंददादा म्हणाले. ते पुढे, माझ्याशेजारी दाटीवाटीने बसले. मागे मावेल तेवढं वऱ्हाड चढलं, बाकीचे एस.टी.ने मागून येणार होते. सुई वर येईपर्यंत नाना अगदी हळूहळू चालवत होते, आणि गोविंददादा झाकणावर तळवा ठेवून मधूनमधून सांगत होते, "आलं, वाईच ऊन (गरम) आलं." आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला होता त्यांनी. मागे बायकांनी लग्नाची गाणी धरली. रत्नागिरी ओलांडली, पावसच्या वाटेवर समुद्र दिसला, आणि मी इतक्या मोठ्याने "बघा बघा" म्हणाले की नानांनी ब्रेक दाबला.

मुहूर्त गाठला. अंतरपाट धरला होता तेव्हा आम्ही अजून गाडीत चपला शोधत होतो, पण गाठला. आंब्याच्या बागेत पंगत बसली. पानावर वालाची भाजी, काजूची उसळ आणि नारळाच्या रसातल्या शेवया होत्या. नवऱ्याकडच्या एका आजोबांनी मला विचारलं, "गाडीत ऱ्हाता, मंग अंगन कुठं झाडता?" मी म्हटलं, "आज तुमचं झाडते."

दुपार कलली तशी निघायची वेळ झाली. आमच्या गाडीतून गोविंददादांना आणि वहिनींना घरी सोडायचं होतं. बॅटरी येतानाच भरून निघाली होती. गाडी सबंध दुपार कातळावरच्या उन्हात उभी होती आणि झाकणाचे हाताला चटके बसत होते. नानांनी चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

सुनंदा धावत खिडकीशी आली. तिने आत हात घालून बापाच्या सदऱ्याचं बटण नीट केलं. ते आधीच नीट होतं. नानांनी गिअरला हात घातला.

"साहेब," गोविंददादा समोर बघत म्हणाले, "जरा तापू दे की वाईच."

सकाळी डिझेल फुकट जातं म्हणून इंजिन बंद करणारा तो माणूस. नानांनी सुईकडे पाहिलं. ती केव्हाच वर होती. त्यांनी गिअरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"हो," ते म्हणाले, "अजून गारच आहे."

गाडी बराच वेळ घुरघुरत राहिली. सुनंदाचा हात बापाच्या हातात होता आणि आम्ही दोघं समोरच्या कलमांकडे बघत बसलो. मला भरून आलं होतं, ते मी लपवलं नाही.

कोकणातून परतलो ते तांबडी धूळ, कोकमं आणि फणसपोळी घेऊन. लोक विचारतात, काय पाहिलंत? मी घाट सांगते, समुद्र सांगते. मग परवा नीलू येऊन गेली. नाना तिला स्टेशनवर सोडायला निघाले. गाडी बाजारातून नुकतीच आली होती, झाकण हाताला भाजत होतं. नीलू खिडकीत बसली, मी फाटकाशी उभी. "बाबा, चला ना, गाडी चुकेल," ती म्हणाली.

"थांब," नाना म्हणाले. "इंजिन गार आहे."